पट्टीवरून पेटीत : घरगुती वायरिंगच्या नीटनेटकेपणाचा इतिहास

वायरमनच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला डिस्ट्रिब्युशन बोर्ड, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातली डीबी, पहिल्यांदा भरायला मिळते तेव्हा त्याला सूचना मिळतात त्या साधारण ठरलेल्या. वायरी सरळ आण, काटकोनात वळव, लाल-काळा-हिरवा वेगळा ठेव, ‘ड्रेसिंग’ चांगले कर. हे का करायचे याचे उत्तर बहुधा ‘दिसायला बरे दिसते’ एवढ्यावरच थांबते. हे उत्तर अपुरे आहे, आणि ते अपुरे का आहे हे आजच्या डीबीकडे पाहून कळत नाही. त्यासाठी घरातली वायर गेल्या सव्वाशे वर्षांत कुठून कुठे सरकली ते पाहावे लागते. एके काळी वीज घरात कुठून येते, कुठे फुटते आणि कुठे संपते हे भिंतीवर उघड दिसत असे. वायर भिंतीच्या पोटात गेली आणि ते दिसेनासे झाले. आता सबंध घराची वायरिंग एका नजरेत वाचता येईल अशी जागा एकच उरली आहे, ती डीबी. तिच्यातला नीटनेटकेपणा ही वाचण्याची सोय आहे. देखणेपण त्यामागून येते.

सुरुवात आगीच्या भीतीने झाली. 1882 हे वर्ष या बाबतीत महत्त्वाचे. त्या वर्षी 4 सप्टेंबरला एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये तारयंत्र व वीज अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांमुळे लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी नियम छापले. ब्रिटनमधल्या आजच्या वायरिंग नियमांचे ते मूळ. त्याच वर्षी फिनिक्स फायर ऑफिस या विमा कंपनीतल्या मसग्रेव्ह हीफी यांनीही आपले नियम काढले होते. वायर कशी ओढावी याची काळजी कारागिराइतकीच, किंबहुना त्याच्याआधी, विमेवाल्याला होती ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गॅस गळला तर वास येतो. तार तापली तर आग दिसेपर्यंत काही कळत नाही. म्हणून तार कुठून गेली आहे, तिला जोड कुठे आहे, तिच्या वाटेत फ्यूज कुठे आहे हे तपासणाऱ्याला पाहता आले पाहिजे, ही अपेक्षा या धंद्याच्या पायातच घातली गेली.

मुंबईत विजेचा दिवा पहिल्यांदा लागला तोही 1882 मध्येच, क्रॉफर्ड मार्केटात. पुढच्या वर्षी नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार केला; पण कंपनीचे दिवाळे वाजले आणि बाजार पुन्हा गॅसवर गेला. शहराला टिकाऊ वीजपुरवठा मिळायला 1905 उजाडावे लागले. त्या साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली, 1907 मध्ये विजेची ट्राम धावली, आणि 1947 च्या ऑगस्टमध्ये हा कारभार नगरपालिकेकडे येऊन त्याचे ‘बेस्ट’ झाले. 1915 पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातली टाटांची वीज गिरण्यांना मिळू लागली होती. कायद्याची चौकटही याच काळातली. 1903 आणि 1910 चे भारतीय वीज कायदे, आणि स्वातंत्र्यानंतरचे 1956 चे भारतीय वीज नियम. या नियमांपैकी पंचेचाळिसाव्याने असे बांधून दिले की ग्राहकाच्या जागेतले वायरिंगचे काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदाराने, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. सुताराला किंवा गवंड्याला असा परवाना कुणी विचारला नव्हता. वायरमनचे काम नंतर दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते, हे त्यामागचे उघड कारण.

जुन्या घरांत पहिल्यांदा आली ती केसिंग-कॅपिंग. सागवानी पट्टीत दोन खाचा, एका खाचेत एक ध्रुव, दुसरीत दुसरा, आणि वरून लाकडी झाकण. विरुद्ध ध्रुवाच्या तारा एका खाचेत टाकायच्या नाहीत, हा तेव्हाचा नियम. तारेवरचे वेष्टन रबराचे आणि त्यावर सुताची वीण. रबर काही वर्षांत कडक होऊन तडकते हे ठाऊक असल्यामुळे अंतर राखण्याचे काम लाकडावर सोपवलेले होते. म्हणजे नीटनेटकेपणा इथे कारागिराच्या मर्जीवर नव्हता, तो सुताराने खाच पाडतानाच ठरून जायचा. वेष्टनावर आणखी टणक रबराचे आवरण असलेली सीटीएस वायर आली तेव्हा खाचेची गरज संपली आणि बॅटन वायरिंग रुळली. चाळींत, शाळांत, सरकारी कचेऱ्यांत, वाड्यांच्या माडीवर पुढची कित्येक दशके हीच पद्धत चालली.

बॅटनचे काम कसे होई हे जवळून पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. आधी ओळंबा आणि दोरी धरून भिंतीवर रेघ मारायची. भिंतीला भोके पाडून लाकडी खुंट्या सिमेंटने बसवायच्या, आणि त्यांवर सागवानी पट्टी स्क्रूने आवळायची. दोन स्क्रूंतले अंतर 75 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. पट्टीवर बारीक खिळ्यांनी कल्हई केलेल्या पितळी लिंक क्लिपा ठोकायच्या, आडव्या धावेत 10 सेंटिमीटरवर आणि उभ्या धावेत 15 सेंटिमीटरवर. मग वायरी शेजारी शेजारी, पीळ काढून, अंगठ्याने दाबत बसवायच्या, क्लिपेची जीभ तिच्याच डोळ्यातून ओढून मागे मुडपायची आणि हलक्या हाताने ठोकून सपाट करायची. एक वायर दुसरीवर चढली की क्लिप बसत नसे. पट्टीचा कोपरा तिरका कापला नसेल तर वायरीला वळणावर फुगा येई, आणि तो घरात येणाऱ्या प्रत्येकाला दिसे. मध्ये जोड मारायचा नाही, वायर स्विचपासून स्विचपर्यंत आणि सीलिंग रोजपर्यंत अखंड न्यायची, हा लूपिंगचा शिरस्ताही याच पद्धतीत पक्का झाला. चुकीला लपायला जागा नव्हती.

या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. लाकूड जळते, ओल धरते, वाळवी त्यात घर करते. उघड्या वायरीला मार लागतो. पॉइंटामागे मजुरी तेव्हाही ठरत असे आणि घाई तेव्हाही होती. तरीही सरासरी काम सरळ होई, आणि त्याचे श्रेय ‘जुन्या माणसांची निष्ठा’ नावाच्या गोष्टीला देऊ नये. श्रेय दृश्यतेचे आहे. घरमालक रोज पट्टीकडे पाहायचा, तपासनीस शिडी न लावता वायर मोजायचा, आणि दहा वर्षांनी आलेला दुसरा वायरमन मेन स्विचपासून बोटाने वाट धरत बिघाडापर्यंत पोचायचा. भिंत हाच नकाशा होता. तो कुणी वेगळा काढून द्यावा लागत नव्हता.

त्या काळचा फ्यूज बोर्डही असाच वाचता येणारा होता. लाकडी फळीवर चिनीमातीच्या किटकॅटांची, म्हणजे उपटून काढता येणाऱ्या फ्यूजांची, रांग, बाजूला लोखंडी पेटीतला मेन स्विच. किटकॅटाचे दोष सर्वांना माहीत आहेत. पाच अँपिअरची फ्यूज वायर उडाली की घाईत कुणी तांब्याच्या तारेचे दोन पेड गुंडाळायचे, आणि फ्यूज नावालाच उरायचा. दोन तारांच्या जुन्या पद्धतीत दोन्ही ध्रुवांना फ्यूज लावायची प्रथा होती. तिच्या सवयीने न्यूट्रललाही किटकॅट लावलेली जुनी घरे असत. असा न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पण फेज होल्डरपर्यंत जिवंतच राहतो. 1956 च्या नियमांपैकी बत्तिसाव्याने जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा स्विच ठेवायला बंदी घातली ती याचसाठी. पण किटकॅटाची एक खुबी होती. काम करणारा वायरमन त्याचा वरचा भाग उपटून खिशात टाकायचा. तो खिशात असेपर्यंत त्या सर्किटवर वीज येणे शक्य नव्हते, मग घरातले कुणी काहीही करो. ही काळजी कोणत्या पुस्तकातून आलेली नव्हती. तो उपकरणाच्या घडणीचाच गुण होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन बदल झाले आणि दोन्हींनी दृश्यता कमी केली. पहिला बदल पीव्हीसीचा. वेष्टन स्वस्त आणि टिकाऊ झाले, वायर पाइपातून ओढता येऊ लागली, आणि पाइप भिंतीत गाडणे सोयीचे झाले. स्लॅब ओतण्याआधीच सळ्यांमध्ये पाइप बांधून ठेवायचे, भिंतीला झिरी मारून उतरते पाइप बसवायचे, प्लास्टर झाले की वायर ओढायची. घर देखणे झाले. पण वायर कुठून गेली हे आता ओढणाऱ्यालाच माहीत, आणि तो पुढच्या साइटवर निघून गेलेला. दुसरा बदल एमसीबीचा. उष्णतेने आणि चुंबकाने, अशा दोन्ही तऱ्हांनी उघडणारा छोटा ब्रेकर जर्मनीत मानहाइमला ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात घडला. त्याचे पेटंट 1924 चे. आपल्या घरांत तो मोठ्या प्रमाणावर आला ऐंशी-नव्वदच्या दशकांत. त्याने चुकीच्या तारेचा प्रश्न सोडवला, कारण त्यात तारच बदलायची नसते. पण खिशात टाकण्याजोगेही त्यात काही उरले नाही. खाली पडलेली कळ कुणीही वर करू शकतो. बाथरूममध्ये गिझर उघडून बसलेल्या माणसाची सुरक्षितता आता एकाच गोष्टीवर येऊन ठेपली. बारा सारख्या दिसणाऱ्या कळांपैकी गिझरची कोणती, हे पेटीवर लिहिलेले आहे का आणि ते खरे आहे का?

डीबीच्या ड्रेसिंगकडे या संदर्भात पाहायला हवे. डीबी हा घरातल्या विजेचा सातबारा आहे. कोणत्या सर्किटवर कुणाचा बोजा, हे तिथेच नोंदलेले असायला हवे. आणि हे एखाद्या शिस्तप्रिय मिस्त्रीचे खूळ नाही. घरगुती वायरिंगची भारतीय संहिता, आयएस 732, बोर्डाच्या आतल्या जोडण्यांबद्दल स्पष्ट बोलते. जोडण्या बोर्डावरच्या उपकरणांच्या क्रमाला धरून, ठरावीक ओळीत असाव्यात आणि वायरींची विनाकारण फुली होऊ नये. भार सर्व वाटांवर शक्य तेवढा समान वाटावा, पुढच्या वाढीसाठी रिकामी वाट ठेवावी. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट आणि 800 वॉटपेक्षा जास्त भार नसावा, ही आपल्याकडची जुनी मर्यादाही याच जातीची. यातले कोणतेही कलम सौंदर्याबद्दल नाही. जोडण्यांच्या क्रमाचा हेतू तर सरळ आहे: पाहणाऱ्याला उलगडा व्हावा.

शिकाऊ मुलाला हेतू सांगून शिकवले तर सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, त्या आपोआप निघतात. वायरी पेटीत शिरतात तिथेच सर्किटवार जुड्या करून प्रत्येकीवर नंबर चढवायचा, कारण एकदा कापून सोलल्यावर लाल वायर लाल वायरीसारखीच दिसते. तिसऱ्या एमसीबीची न्यूट्रल लिंकच्या तिसऱ्याच भोकात आणि अर्थ अर्थबारच्या तिसऱ्याच भोकात, म्हणजे एक सर्किट सोडवताना तीन टोके शोधावी लागत नाहीत. वायर पेटीच्या कडेने न्यायची, एमसीबीच्या समोर आली की काटकोनात वळवायची, आणि एखादे टोक जळाले तर कापून पुन्हा लावता येईल एवढी लांबी कडेच्या वळणात राखायची. सोलायचे तेवढेच जेवढे टर्मिनलमध्ये बुडेल. तांबे बाहेर दिसता कामा नये आणि स्क्रूखाली वेष्टनही चिमटता कामा नये. बहुतारी वायरीला फेरूल किंवा लग. टर्मिनलमध्ये मावत नाही म्हणून चार तारा छाटणे हा गुन्हाच, कारण तेवढ्यापुरती वायर बारीक होते आणि एमसीबीला ते कळत नाही. आवळून झाल्यावर प्रत्येक वायर एकदा ओढून पाहायची. शेवटी दाराच्या आतल्या बाजूला तक्ता: क्रमांक, खोली, उपकरण, अँपिअर.

यावर पहिला आक्षेप असा, आणि तो वजनदार आहे, की नीट दिसणारे काम सुरक्षित असतेच असे नाही. याला आपल्याकडचा इतिहासच साक्षीला आहे. साठच्या दशकात तांब्याची टंचाई आणि आयातीवरचे निर्बंध यांमुळे घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी आल्या. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि दाबाखाली धातू हळूहळू सरकतो; गरम-थंड होता होता स्क्रू सैल पडतो. बाहेरून सरळ दिसणारा बोर्ड आतून जळत जाई. दुसरा पुरावा जुडीचा. वायरी एकत्र घट्ट बांधल्या की त्यांची उष्णता बाहेर पडत नाही. आंतरराष्ट्रीय मानकात एकत्र बांधलेल्या तीन सर्किटांसाठी वायरीची क्षमता 0.70 पट धरतात, सहांसाठी 0.57 आणि नऊंसाठी निम्मी. प्लास्टिकची केबल टाय 1958 मध्ये अमेरिकेत विमानांच्या वायरी बांधण्यासाठी निघाली. त्याआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मेणाच्या दोऱ्याने वायरी ओवत, आणि त्या कामाला वेळ लागत असे. टाय स्वस्त झाली आणि करकचून बांधलेली जाड जुडी हीच ड्रेसिंगची खूण होऊन बसली. हे सगळे खरे. पण यातून निघते ते एवढेच की वाचनीयता आणि चकाकी या दोन गोष्टी आहेत. जुडी सैल, पातळ आणि सर्किटवार बांधली तर ती थंडही राहते आणि वाचताही येते. जास्त भाराच्या गिझर-एसीच्या वायरी वेगळ्या ठेवाव्या हे त्यातच येते. सैल स्क्रूबद्दल म्हणायचे तर प्रत्येक टर्मिनल समोर दिसत असेल, त्याच्यावर दुसऱ्या वायरीचे वेटोळे नसेल, तरच पेचकस सरळ बसतो आणि काळवंडलेले टोक वेळेत नजरेस पडते. गुंत्यात सैल स्क्रू शोधणे कुणालाही जमत नाही.

दुसरा आक्षेप नव्या उपकरणांच्या भरवशावर घेतला जातो. एमसीबी आहे, आरसीसीबी आहे. काही चुकले तर ते उडतीलच, मग आतल्या क्रमाचा एवढा बाऊ कशाला? याचे उत्तर उपकरणांच्या कामातच आहे. सैल जोडातून जाणारा प्रवाह नेहमीइतकाच असतो, कधी कमीही. तो कितीही तापला तरी एमसीबीच्या दृष्टीने सर्व काही ठीक असते. आणि आरसीसीबीने तर गबाळेपणा महाग करून ठेवला आहे. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो का, एवढेच तो पाहतो, आणि घरगुती वापरातल्या नमुन्यात 30 मिलिअँपिअरच्या फरकावर उघडतो. जुन्या बोर्डात सगळ्या न्यूट्रल एकाच लिंकवर असत, तिथे कोणती कुठे लावली याने फरक पडत नसे. दोन आरसीसीबी असलेल्या आजच्या पेटीत एका गटाची न्यूट्रल दुसऱ्या गटाच्या बारवर गेली की दिवा लावताच दोन्ही उडतात, आणि वैतागलेला घरमालक आरसीसीबीच काढून टाकायला सांगतो. जिन्याच्या दिव्यासाठी दुसऱ्या मजल्यावरून उसनी घेतलेली न्यूट्रल याहून वाईट. आपले सर्किट बंद करून ती सोडवणाऱ्याच्या हातात दुसऱ्याच्या सर्किटचा प्रवाह येतो. तेव्हा उपकरणांनी नीटनेटकेपणाची जागा घेतलेली नाही, त्यांनी त्याची किंमत वाढवली आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि ठेकेदाराच्या तोंडी तोच असतो. काम पॉइंटावर मोजले जाते, डीबीचे पैसे नगावर मिळतात. पेटी दोन तासांत भरली काय आणि दिवसभरात भरली काय, बिलात आकडा तोच. झाकण लागले की आतले कुणी पाहत नाही. ही तक्रार खोटी नाही. उलट, दृश्यता गेली की दर्जा का उतरतो हे ती नेमके सांगते. बॅटनच्या काळातही दर पॉइंटचाच होता. फरक एवढाच की तेव्हा काम भिंतीवर उघडे असल्याने पाहणारे डोळे फुकट मिळत होते. आज तीच नजर मुद्दाम विकत घ्यावी लागेल. म्हणून दोष एकट्या कारागिराच्या वृत्तीवर ढकलणे चुकीचे आहे. 1950 पासूनच्या आयटीआय योजनेने आणि 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मुलांना हत्यार धरायला आणि जोडणी करायला शिकवण्याची व्यवस्था झाली. साइटवर मात्र त्याच मुलाला पहिल्या आठवड्यात कळते की या कौशल्याला बिलात ओळ नाही.

म्हणून उपाय दोन्हीकडून हवा. शिकवणाऱ्या मिस्त्रीने ‘छान दिसते’ हे कारण सोडून द्यावे आणि मुलाने भरलेली पेटी त्याच बॅचच्या दुसऱ्या मुलाला दाखवून विचारावे: सहाव्या सर्किटची न्यूट्रल कोणती, आणि तू कोणती कळ पाडून काम करशील? त्याला बोट ठेवता आले तर काम उत्तीर्ण. घरमालकाने आणि सोसायटीने कोटेशनमध्ये डीबीची जोडणी, सर्किटचा तक्ता आणि मेगरची (वेष्टनाची रोधकता मोजणारी) चाचणी या तीन बाबी वेगळ्या लिहून घ्याव्यात, त्यांचे वेगळे पैसे द्यावेत, आणि झाकण लावण्याआधी पेटीचा उघडा फोटो मागावा. त्याचा खर्च दिवाणखान्यातल्या एका झुंबराहून कमी येईल. वायर भिंतीत घालण्याची सोय आपण आनंदाने घेतली. भिंत जी माहिती आपोआप देत होती ती आता कुणीतरी मुद्दाम लिहून ठेवायची, तर त्या लिहिण्याची मजुरीही आपल्यालाच द्यावी लागेल.